प्राधान्यक्रम

सत्त्याण्णवला थोडे कमी.
दशांशचिन्हानंतर सात आकडे आलेत माझ्या वाट्याला.
आमच्या घरात एवढी बारीक मोजणी
आजवर फक्त बाबांच्या फीलर गेजने केली.

रात्री जेवणं उरकल्यावर
ताटांच्या जागी यादी मांडली.
मी मागच्या वर्षीचे कटऑफ वाचत होते,
बाबा कॉलेजांची नावं ऐकून
तिथल्या लिफ्ट आठवत होते.

"ही? हिला दोन हजार सातला दार बसवलं मी.
आधी जाळी होती, पोरांचे हात जायचे आत."
"ही नको. तिसऱ्यावर चार बोटं खाली थांबते.
तीन पत्रं दिली, कुणी ढुंकून बघितलं नाही.
लेव्हल सांभाळता येत नाही ते शिकवणार काय?"
"माटुंग्याचं..."
म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.
"तिथं आमचं कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. एकदा सहज शिरलो.
एक मुलगी गिअरबॉक्स उघडून बसलेली,
कोपरापर्यंत ग्रीस.
एक नंबरला लिही."

बाबा, तिथलं गेल्या वर्षीचं शेवटचं नाव
माझ्या दीड पर्सेंटाइल वर थांबलंय.
"लिही गो. लिहायला काय पैसे पडतात?"

आई गवार मोडत होती.
रात्री आठच्या आत घरी येता येईल असं बघा, म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने,
"आणि फी."

बेचाळीस पर्याय झाले.
तेव्हा सांगून टाकलं:
परीक्षेत एक प्रश्न मी सोडला होता.
कप्पी, दोर, दोन वजनं; दोरातला ताण किती?

बाबा रागावले नाहीत.
लाइटबिलाच्या पाठीवर त्यांनी केबिन काढली,
दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांची चौकट.
"केबिन वर गेली की हे खाली येतं.
आतल्या माणसाला कधी दिसत नाही."
ताण किती ते त्यांना काढता येईना.
मी काढला, पाच ओळींत,
अडीच महिने उशिरा.

शेवटच्या दिवशी साईट रांगत होती.
भांडुपला निसारभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात
माझ्यामागे नऊ जण, प्रत्येकाच्या हातात
उत्पन्नाचा दाखला, घामाने मऊ झालेला.
पाचला खिडकी बंद होणार.
चार सत्तेचाळीसला फॉर्म कन्फर्म करायला गेले,
ओटीपी बाबांच्या मोबाइलवर.
आणि बाबा प्रभादेवीत
एका टॉवरच्या तळाला, पिटमध्ये,
जिथे रेंज उतरत नाही.

त्यांच्या हेल्परला फोन लावला. तो गच्चीवर, मशीनरूममध्ये.
शिवनाथदादा, बाबांना वर बोलवा, म्हटलं, आणि रडू फुटलं.
तो शाफ्टमध्ये वाकून ओरडला ते मला फोनमधून ऐकू आलं,
बावीस मजले खाली जाणारा आवाज:
"मास्तर! पोरीचा नंबर!"

निसारभाईंनी पंख्याचा रोख माझ्याकडे वळवला.
नऊ जणांतलं कुणी काही बोललं नाही.
चार छप्पन्नला बाबांचा फोन, धापा टाकत.
सहा आकडे त्यांनी असे सांगितले
जसे ते मजले सांगतात,
एकेक, सुटा, समोरून होकार आल्याशिवाय पुढचा नाही.

एक नंबर लागला नाही.
दुसऱ्या फेरीत अकरावा लागला,
दार बसवलेलं ते.

रिपोर्टिंगला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले.
क्लार्कने मान वर न करता विचारलं,
पालकांचा व्यवसाय?
"सर्व्हिस," बाबा म्हणाले.
त्याने तसंच लिहिलं.

मूळ कागद जमा करून पाचव्या मजल्यावरून उतरताना
दार मिटलं, तसे बाबांनी डोळे मिटले.
मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.
दुसऱ्या मजल्यापाशी उघडले.
"डावीकडचा रोलर घासतोय," हळूच म्हणाले,
"ऑफिसात सांगून ठेव कुणाला तरी.
मी बोललो तर बाहेरचा म्हणतील.
तू आता इथली."