फाळका

फैजपूर रोडला, झोपेंच्या केळीच्या शेडखाली
पिकअप उभी आहे, चाकांना पिशव्या बांधून,
काचांवर परवाचा पेपर चिकटवून.
मी खाटेवर. चहा थंड.
चाळीस वर्षं सावद्यात रंग मारला मी,
आज पाहुण्यासारखं बसवलंय मला.

प्रज्वलने पॉलिश पेपर घेतलाय, ऐंशी नंबर.
‘सुपडूबाबा, चमक फक्त मारायची, पत्रा उघडा नाही करायचा,’
मलाच सांगतो.
खरखर, खरखर.
दारावरचं ‘झोपे बंधू, सावदा’ आधी दुधाळ झालं,
मग सावली सुटली
(अक्षरांना पिवळी सावली द्यायचो मी,
डावीकडून ऊन आल्यासारखी),
मग अक्षरं गेली.
बंधूंतला एक पुण्याला गेला तेव्हाच
‘बंधू’ पुसायला सांगितलं होतं. मीच टाळलं होतं.

दोष त्याचा नाही.
केळीचा चीक काय असतो
ते घड खांद्यावर वाहिलेल्याला विचारा,
शर्ट फाटतो पण डाग फाटत नाही.
गाडी पांढरी घ्यायची कोणाला सुचली, देव जाणे.
दोन हंगामांत अंगभर तपकिरी ओघळ,
रडून झोपलेल्या पोराच्या गालावर असतात तसे.

तर हे नवीन. काळं. डांबरासारखं, पण डांबर नव्हे.
खरं तर हौद्याच्या तळाला मारायचं,
क्रेट घासू नयेत, पत्रा सडू नये म्हणून.
हा बाहेरून मारतोय, टपापासून मडगार्डपर्यंत.
‘गोटा मारा, खिळा ओढा, काही होत नाही.’
आरसी बुकात पांढरी आहे रे, मी म्हणालो.
‘मंग कोन पाहाले येतं?’

रोलर फिरतो तेव्हा
ओली चप्पल फरशीवरून सोलल्यासारखा आवाज येतो,
आणि मागे राहते ती करपलेली कळण्याची भाकर.
सुकलेल्या जागी बोट फिरवलं. अडखळलं.
माझा दोन नंबरचा ब्रश इथे एक वेलांटी ओढू शकणार नाही.
वेलांटीला सपाट रस्ता लागतो, विनाथांबा.

उघड्या बाजूने निंबाचा मोहोर आला, तीन-चार फुलं,
बॉनेटवर बसली.
प्रज्वल चिमट्याने काढायला गेला.
फूल निघालं, देठ राहिला.

आता खरी गोष्ट.
सकाळी त्याने अख्खा डबा एकदम कालवला,
हार्डनर सगळा, ड्रिलला दांडी लावून,
पत्र्याखाली, चव्वेचाळीस अंशांत.
मला माहीत होतं.
रंग कुठलाही असो,
उन्हात तो माणसाआधी हट्टाला पेटतो.
निम्मा कालव, निम्मा ठेव.
चार शब्दच होते.
मी थंड चहा प्यायलो.

दोन वाजता डब्यातून धग यायला लागली.
अडीचला दांडी आपोआप उभी राहिली.
रोलर रुतला तो रुतलाच.
टप काळा, दारं काळी, मडगार्डं काळी,
मागचा फाळका तेवढा पांढरा,
चीक, ओघळ, आणि त्यावर माझ्या हातचं, लाल, पिवळ्या सावलीत:
हॉर्न नको. केळी झोपलीत.

(झोपेंच्या गाडीवर हे लिहिलं
म्हणून अख्खं मार्केट महिनाभर हसलं होतं.
थोरल्या झोपेंनी तेव्हा मला वर दहा रुपये दिले.)

प्रज्वलने कपाळाला हात लावला. कपाळही काळं झालं.
‘बाबा, तुमाले मालूम व्हतं का?’
आमच्या वेळी असले डबे नव्हते, मी म्हटलं.
खोटं नाही ते.
खरंही नाही.

नवा डबा यायला आठ दिवस.
तो रॉकेलने हात धुवायला गेला तसा मी फाळक्यापाशी गेलो.
त्याचा ऐंशी नंबर इथवर पोचला होता,
‘झो’वरची मात्रा खरवडली होती.
आता वाचलं तर ‘केळी झापलीत’.

ब्रश खिशात असतो माझ्या, असतोच.
लाल रंग घरी.
जाऊन येऊन तासभर.
चप्पल घातली.