तीन, अधिक-उणे अर्धा

निघण्याआधी शालन पिशवी तपासते.
मी तिला तपासू देतो.
चार दिवसांच्या मुक्कामाला आठ दिवसांच्या गोळ्या,
अर्धे तुकडे वेगळ्या पुडीत,
सोमवार-गुरुवार अर्धी, बाकीचे वार अख्खी,
शर्टाच्या खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड:
रक्तगट, डॉक्टरीणबाईंचा फोन, झडपेचा नंबर.

झडपेला नंबर असतो, हे मला आवडलं.
उद्यमनगरात एकतीस वर्षं
ऑईल इंजिनांचे व्हॉल्व्ह घासले,
एकेकावर नंबर ठोकला,
पुढं कुठल्या विहिरीवर त्यांचं काय झालं
कधी विचारलं नाही.
आता एक माझ्यातच बसवलाय.
रात्री दिवा मालवला की ऐकू येतो.

पहिला रिपोर्ट आला तेव्हा बाई म्हणाल्या,
आयएनआर तीन पाहिजे, अधिक-उणे अर्धा.
म्हटलं, ड्रॉइंग समजलं.
फक्त इथं जॉब मी, आणि मशीन मेथी:
एक जुडी जास्त झाली की आकडा खाली,
पाठदुखीवर कुणी दिलेली गोळी घेतली की वर.
खाली गेला तर गुठळी.
वर गेला तर दाढीला लागलेलं पातं
जेवणापर्यंत वाहतं.
अर्धा म्हणजे केवढा!
लेथवर अर्धा मिलिमीटर चुकला
तर मुकादम जॉब भंगारात फेकायचा,
वर आईवरून बोलायचा.

दुपारी साडेबाराची मालवण गाडी.
खिडकी शालननं घेतली,
कारण तिथला पत्रा फाटला होता
आणि तो तिला माझ्याआधी दिसला.
ऑपरेशनपासून ती जगाच्या कडाच बघते.
विळी, मोळा, शेजारच्यांचं मांजर.
सुभाषनगरातून करून घेतलेली कापशी चपलसुद्धा
आठ दिवस तेलात ठेवून
शेवटी घरीच ठेवली, चावेल म्हणून.
पायात कॅनव्हासचे बूट, शाळेतल्या पोरासारखे.

फुलेवाडी, बालिंगा, कळे.
दर तासाला उठून चाला, असं सांगितलंय.
एसटीत चालायचं म्हणजे
दांडी धरून चार सीट पुढं, चार सीट मागं,
कुणाच्या कोंबडीवर पाय न देता.
कंडक्टर म्हणाला, पाव्हणं, काय हरवलंय काय?
म्हटलं, नाही, गोठू नये म्हणून.
त्याला वाटलं थंडी वाजतीय.
भल्या माणसानं माझ्यासाठी तीन खिडक्या लावल्या.

गगनबावड्याला गाडी थांबली ती खोकतच.
ड्रायव्हर मुल्लांनी बॉनेट उघडलं.
मी वाकून कान दिला:
टिक, टिक, टिक.
हिचं की माझं, क्षणभर कळेना.
मग ओळखलं. टॅपेट सैल. तिसरा सिलिंडर.
हात शिवशिवले, पाना समोरच पडलेला,
अंगठ्याच्या मापाचा.
तेवढ्यात मागून शालननं
नुसतं माझं नाव घेतलं.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
एवढ्या लोकांत पहिल्यांदा.

पाना मुल्लांच्या हातात दिला.
कुठं, किती, ते बोटानं लांबून दाखवलं.
त्यांनी पिळला, ऐकलं, परत पिळला,
हात पुसत म्हणाले,
व्हॉल्व्ह अजून वाजतोय जरा.
वाजू दे. वाजतोय तवर चालतंय म्हणायचं.
चला, घाट उतरू निवांत.
शालननं माझ्याकडं बघितलं नाही.
पिशवीतून लाडू काढला, अर्धा मला,
अर्धा मुल्लांना.

मालवणला पोचलो तर अंधार पडलेला.
समुद्र म्हणजे खोलीच्या मागं नुसता आवाज,
येतो, जातो, त्याला माप नाही,
कधी थोडा उशिरानं येतो
आणि माझा श्वास उगीच अडतो.

आठ वाजले.
डबी उघडून बसलो, आणि वारच आठवेना,
प्रवासात वार सांडतात.
शालन अंथरूण झटकत होती.
गुरुवार, म्हणाली.
अर्धी.