घागर कुणी नेली

लुदोविनाच्या घरी मी भाड्याने राहायला आले
तेव्हा तिने नवऱ्याचं नाव विचारलं नाही.
म्हणाली, विहीर सामाईक आहे,
कप्पी कुरकुरते, सांभाळून.

डिचोलीहून आणलेली एक ट्रंक,
गळ्याची रिकामी जागा,
कुडतरीच्या मराठी शाळेतला तिसरीचा वर्ग.
एवढंच सामान.

पाण्याला मी भर दुपारी जायचे.

आठ दिवस तिने पाहिलं. नवव्या दिवशी
उन्हातली कोकमाची सालं उलटत, मान वर न करता म्हणाली,
"ऐक गो, तुझ्यासारखीच एक होती.
तीही उन्हातच यायची.
सकाळी विहिरीवर बायका असतात,
आणि बायकांच्या तोंडी प्रश्न."
"कुठली?" मला वाटलं, राय-लोटलीकडची असेल.
"सामारियाची," ती म्हणाली,
जणू फेरीबोट लागते तिथे जायला.

मग तेर्स संपला की बलकांवावर बसून
ती एकेकीला बोलवायची.
मालकिणीने हाकललेली ती दासी,
पखालीतलं पाणी संपल्यावर जिने लेकराला
झुडपाखाली ठेवलं आणि पाठ केली.
"बघवेना तिला. पण रडली मोठ्यानं, गप्प नाही बसली.
आणि मग काय दिसलं? विहीर!"
अठरा वर्षं कमरेत वाकलेली एक.
"भात लावून लावून," लुदोविना खात्रीने सांगायची.
पुस्तकात तसं काही नाही.
बारा वर्षं रक्त जाणारी, वैद्यांनी लुबाडलेली,
जिने गर्दीत मागून कपड्याचा काठ धरला.
"न विचारता. विचारत बसली असती
तर अजून रांगेत असती."

आणि तिची लाडकी, ती विधवा.
न्यायाधीश असा, की देवाला भीत नाही, माणसाला तर नाहीच.
"ती रोज जायची त्याच्याकडे. बस्स.
तेवढंच तिचं शहाणपण."
इथे लुदोविना हसायची, पुढचे दोन दात नसलेलं.
अकरा माडांसाठी दिराशी भांडत
ती नऊ वर्षं दर मंगळवारी मडगावच्या कचेरीत गेलेली.
नवा मामलेदार आला की तिलाच विचारायचा, फाईल कुठाय?
सात माड मिळाले. उरलेले चार
ती अजून मोजते, कुंपणाच्या अलीकडून,
दिराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी तिच्या देवाची झाले नाही.
तिने बोलावलंही नाही.
पण दिवा मालवला की त्या बायका
धुळीच्या पायांनी येऊन माझ्या ट्रंकेवर बसायच्या.
बहुतेकींना नाव नव्हतं.
लिहिणाऱ्यांनी विचारलं नसेल.
काही बोलायच्या नाहीत, नुसत्या थोड्या सरकून
मला जागा करून द्यायच्या.

एका सोमवारी मी सहाला विहिरीवर गेले.
पाचजणी होत्या. बोलणं तुटलं,
कप्पी तेवढी बोलत राहिली.
कोंसेसांवने विचारलंच, "घोव खंय गो तुजो?"
मी म्हटलं, "डिचोलीला. मी इथे आहे."
आवाज माझाच होता, जरा मोठा निघाला.
मग पाय इतके लटपटले
की तशीच घरी आले, आणि अंगणात कळलं,
घागर मागेच राहिली.

लुदोविना टाळी वाजवून हसली.
"तिनंही तिथेच टाकली होती गो!
टाकली, आणि पळाली गावात,
ज्या गावापासून तोंड लपवायची, त्याच गावात."
"मग तिची घागर कुणी नेली घरी?"

लुदोविनाचं बोट सालांवर थांबलं.
इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.
बराच वेळ ती गोष्टीत परत जाऊन
विहिरीभोवती शोधत राहिली असावी.
"लिहिलेलं नाही," शेवटी म्हणाली.

फाटक वाजलं.
कोंसेसांव. झगा एका बाजूने भिजलेला,
कमरेवर माझी घागर, काठोकाठ.
"तांब्याची आहे," ती माझ्यावरच खेकसली,
"चोरीला गेली असती तर?"