थेक्लाचा चमचा

तेव्हा सगळे म्हणाले, धुकं बाधलं.
लान नदीवरचं ऑक्टोबरचं धुकं,
आणि पोरीला घेऊन पुलापलीकडे गेले होते मी,
बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता म्हणून.
सासूबाईंनी तारीखसुद्धा ध्यानात ठेवली.
दरवर्षी त्या दिवशी जेवताना
कोबीत मीठ जास्त झालंय, एवढंच म्हणायच्या.

गॉटहेल्फ काहीच म्हणाला नाही.
तो काच घासत राहिला,
वेट्झलारच्या कारखान्यात, खिडकीकडून तिसऱ्या बाकावर.
मसुराच्या दाण्याहून लहान भिंगं.
नखांत पॉलिशची लाल भुकटी, रविवारी चर्चमध्येसुद्धा.
इतकं बारीक कशाला, कुणी विचारलं
तर म्हणायचा,
डॉक्टर लोकांना पिसवांचे पाय मोजायचे असतात.

थेक्ला सात वर्षांची होती.
तिचा कथलाचा चमचा, मुठीवर बदक.
तापात तिला काहीही गरम सोसायचं नाही,
म्हणून बाप आधी स्वतः चाखायचा,
फुंकर घालायचा,
मग तोच चमचा तिच्या ओठांशी.
त्या हिवाळ्यात तोही खोकत होता.
काचेची धूळ, म्हणायचे सगळे.
घासणाऱ्यांना होतंच.
अजून खोकतो.

नऊ वर्षांनी, त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये,
इस्पितळातल्या तरुण डॉक्टर ओस्टरलोंनी निरोप धाडला,
नवं भिंग नीट बसत नाही.
गॉटहेल्फ गेला, मळसूत्र अर्धा वेढा मागे घेतलं,
तेल पुसून नवा थेंब टाकला.
डॉक्टर म्हणाले, बघा ना,
तुमच्याच काचेतून.

घरी आल्यावर टोपी न काढताच बोलला:
तपकिरी जमिनीवर निळ्या काड्या.
आळसावलेल्या. एकमेकींवर रेललेल्या.
केसाच्या रुंदीत वीस-पंचवीस
ओळीने झोपतील.
वाईट दिसत नाहीत, आल्विना.
हे तो दोनदा म्हणाला.
थुंकीतून जातात. खोकल्यातून. कदाचित भांड्यांतूनही,
डॉक्टरांना अजून नक्की माहीत नाही.

आणि धुकं? मी विचारलं.

धुक्याचा काही संबंध नाही.

नऊ वर्षं मला वाटत आलं होतं,
हे कुणी एकदा म्हणू दे,
मी सासूबाईंच्या थडग्यापाशी जाऊन ओरडेन,
थेट दगडाच्या कानात.
मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.
कारण तो कपाटाकडे बघत होता,
खालच्या खणाकडे.
तिथे बदक आहे
हे आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो.

रात्री त्याने पाणी उकळायला ठेवलं.
अंथरुणातून मला ऐकू येत होतं,
पातेल्याच्या बुडाशी
कथलाचं बदक टकटक आपटताना.
किती वेळ उकळायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नसावं.
पाणी आटलं की तो पुन्हा ओतायचा.

मी उठून गेले. म्हणाले,
तुला आठवत नाही का,
त्या वर्षी खोकला आधी मला झाला होता.
तुझ्या आधी. पुलावरून आले तेव्हापासून.

त्याने मान वर केली.
तयार भिंग उजेडाकडे धरून
ओरखडा शोधतो ना, तसं बघितलं माझ्याकडे,
एक डोळा किंचित बारीक करून.
तीस वर्षं तेच काम केलेला माणूस.
दिसला असणारच.
त्याने बोट नाही ठेवलं.
हं, म्हणाला,
आणि चुलीतला विस्तव पसरला.

सकाळी फडताळात चार कप होते, नेहमीसारखे.
त्यातल्या एकाच्या कानाला
जाड शिवणदोरा बांधलेला,
दुहेरी गाठ मारून,
म्हणजे माझ्या हातून
चुकून घेतला जाऊ नये.