सात नंबरची जागा

तालका सोडून तिसरा दिवस.
मागे हौद्यात आईचा फ्रीज,
दोरखंडाने आवळलेला,
प्रत्येक खड्ड्याला आतून काहीतरी म्हणणारा.
कोपियापोपासून मी आणि नोल्बेर्तो
एकमेकांशी बोललेलो नाही.
"विकून टाकू," म्हणाला होता तो,
पेट्रोल पंपावर, तोंडात पावाचा घास असताना.
तेव्हापासून मीच चालवतेय.

रस्त्याच्या कडेला मेलेल्यांची छोटी छोटी घरं:
पत्र्याचं छप्पर, उन्हाने विटलेली प्लास्टिकची फुलं,
एकासमोर ट्रकचं अख्खं स्टिअरिंग.
वाळवंटात झाडांपेक्षा तीच जास्त.
मग एक फळी, होडीच्या उरलेल्या रंगात लिहिलेली:
मुक्काम.
खाली समुद्राकडे दाखवणारा बाण,
जणू समुद्र सापडला नसता.

आधी कुत्रा आला. नाव बोल्ट.
मग खोकला आला, मग एदुविना बाई,
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात लोखंडी आकडी.
"सात नंबर घ्या. वारा कमी लागतो."
दगडांवर आकडे रंगवलेले: सात, आठ, अकरा.
बाकीचे?
तिने हनुवटीने लाटा दाखवल्या.
"ते त्याने बुक केलेत."

पैसे नको म्हणाली.
टँकर गुरुवारी यायचा होता, आज शनिवार.
पाणी किती आहे तुमच्याकडे?
अकरा लिटर, मी म्हणाले.
चौदा, नोल्बेर्तो म्हणाला, तिला.
खरं त्याचंच होतं.
सीटखाली तीन लिटर लपवले होते त्याने,
माझ्यासाठी की माझ्यापासून,
ते मी विचारलं नाही.

पाच लिटर मोजून घेतल्यावर तिची नजर फ्रीजवर गेली.
विचारलंही नाही. चाकावर पाय देऊन चढली,
दोर ढिला केला, दार उघडलं,
आणि विहिरीत डोकावावं तसं
आत तोंड घातलं.
"लिंबं ठेवायची का तुमची आई?"
आम्ही दोघांनी एकदम मान हलवली
आणि मग बराच वेळ
बोल्टच्या कानातल्या गोचिडी बघत बसलो.

रात्री कामांचाका आलं,
इथलं धुकं. पाण्यातून उठतं,
दार वाजवायची पद्धत त्याला ठाऊक नाही.
वर्षानुवर्षं पाऊस न पडणाऱ्या या गावी
तंबूचं कापड भिजून माझ्या पोटावर टेकलं.

तीनच्या सुमाराला जाग आली.
शेजारची पथारी रिकामी.
खाली ओहोटीत दोन दिवे हलत होते:
ती दोघं हुइरो ओढत होती,
समुद्राचं काळं शेवाळ, माणसाहून लांब,
ओल्या चामड्यासारखं जड.
वाळवून किलोवर जातं.
व्यापारी येतो, वजन करतो, वाळू वजा करतो,
आणि वाळूपेक्षा जरा जास्तच वजा करतो.
पुढे ते आइस्क्रीममध्ये घालतात म्हणे;
एदुविनाने अजून खाल्लेलं नाही.

मी खाली गेले नाही.
अंधारात कुणीतरी सपशेल आपटलं, कुणीतरी हसलं.
हसणं त्याचं होतं.
माझा राग जिथे होता तिथेच होता,
फक्त त्याला आता
थंडी वाजायला लागली होती.

सकाळी फ्रीजच्या दोराला वेगळीच गाठ.
झोपडीमागे दगडांवर टेकवलेल्या
पांढऱ्या दोन जाळ्या, ओळखीच्या,
आणि त्यांवर चिरून मीठ लावलेले मासे,
आई दुधाची भांडी ठेवायची तिथे.
एदुविना माश्या हाकलत होती.
आभार वगैरे मानायला तिला वेळ नव्हता.

"जाळ्या दिल्यात," नोल्बेर्तो म्हणाला,
"फ्रीज नाही दिला."
कोपियापोनंतर मला म्हटलेलं पहिलं वाक्य.
हातांना त्याच्या समुद्राचा वास,
एका बोटाला चिंधी.
"तीन होत्या," मी म्हणाले.
"एक ठेवलीय."

किल्ली त्याच्याकडे टाकली.
इकिके अजून दीड दिवस लांब.
खड्डे कालचेच होते,
फक्त मागे आता एकच जाळी वाजत होती
आणि ती नेमकं काय म्हणतेय
ते ऐकायला
आम्ही दोघांनी खिडक्या वर घेतल्या.