पावाच्या गाडीचं इंजिन

भंगारवाल्याने शपथेवर सांगितलं होतं:
बाई, हे पावाच्या गाडीतलं.
पहाटे तीनला उठणारं, जन्मभर गरम पाव वाहिलेलं.
फिलोमेना बोर्बाने वाकून वास घेतला.
डिझेलचाच होता.
तरी पैसे मोजले.

ट्रक तिच्या बापाचा, अडेलीनोचा, एकोणऐंशी सालचा,
पेट्रोल पिऊन पिऊन ब्लॉकला तडा गेलेला.
त्यातून वासरं गेली, दुधाची पिंपं, बादल्या,
आणि एकदा तिची आई, कळा देत,
हिल्मारहून टर्लॉकच्या दवाखान्यापर्यंत,
वाटेत दोनदा थांबून, रेडिएटरला पाणी पाजत.

बेटांवरून आलेलं घर ते. तिथे बादलीला
जवळपास बादलीच म्हणतात,
आणि पावाला पाव, जरासा नाकातून.
असे शब्द पोटातून येतात.
त्यांच्यावर माणूस चटकन विश्वास ठेवतो.

तीन महिने गेले.
गियरबॉक्सचं तोंड इंजिनाच्या तोंडाला लागेना
म्हणून मधे ॲल्युमिनियमची तबकडी,
मोडेस्टोच्या एकाने घडवलेली, केसभर वाकडी,
शिव्या खाऊन पुन्हा घडवलेली.
पुढच्या स्प्रिंगा बसल्या,
कारण हे चार सिलिंडरचं धूड
जुन्या आठांपेक्षा वजनाला भारी निघालं.
टॉर्च धरायला भाचा, डुआर्ते, वय नऊ,
खिशात श्वासाचा निळा पंप.
शाळेच्या खांबावर लाल झेंडा चढला
की मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचं, हे त्याला पाठ.
अशा दिवशी डोंगर दिसत नाहीत,
खोऱ्यावर कुणीतरी झाकण ठेवून विसरल्यासारखं.
अशा दिवशी ती इंजिन चालू करत नसे.
कुणी सांगितलं नव्हतं.

नियम तिने वहीत उतरवून घेतले होते,
लग्नाच्या बोलणीसारखे:
इंजिन गाडीपेक्षा वयाने मोठं नको.
येताना आपलं सगळं सामान घेऊन यावं,
नळ्या, गाळण्या, डबे, माहेरी काही ठेवायचं नाही.
आणि कूळ रस्त्यावरचंच हवं.
माझ्या वेळी इतकं पाहिलं असतं तर,
ती म्हणाली, आणि पाना घट्ट केला.

तपासनीस मर्सेडचा, तौआ लोर.
काठीला बांधलेला आरसा घेऊन बोनेटखाली वाकला,
बराच वेळ काही बोलेना.
मग अंगठ्याच्या नखाने खरवडू लागला
तिनेच हौसेने मारलेला निळा रंग.
खालून पट्टी निघाली, चार ओळींची.

"हे गाडीचं नाही. पाण्याच्या पंपाचं आहे. शेतातलं."
"पावाचं नाही?"
"पावाचं इथे काही लिहिलेलं नाही, बाई."
"पण धूर तर बघा किती कमी."
"धूर नंतर. आधी नाव लागतं."

कागद भरताना नापास हा शब्द
त्याने इतर शब्दांपेक्षा लहान काढला.
तिला राग यायला हवा होता, कुणाचा तरी.
भंगारवाल्याचा फोन लागेना.
परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना
बदाम झोडपणारी यंत्रं धुळीचे डोंगर उठवत होती,
आणि त्यांच्याखाली आरसा धरून
कुणी वाकलेलं तिला दिसलं नाही.
शाळेवरचा झेंडा तिने मुद्दाम पाहिला नाही.

शनिवारी साखळी पुन्हा कप्पीवर चढली.
"मग तो पाव कुठे गेला?" डुआर्तेने विचारलं.
ती बोल्ट काढून बादलीत टाकत होती,
प्रत्येकाचा आवाज वेगळा.
सोळा झाले.
सतरावा खाली कुठेतरी घरंगळला,
तो टॉर्च घेऊन ट्रकखाली शिरला,
आणि तिथूनच ओरडला: इथे थंड आहे, मावशी,
थोडा वेळ थांबतो.

बोनेट अजून उघडंच आहे.