खालची ओळ

हलमध्ये, प्रिन्सेस अव्हेन्यूच्या मागच्या एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सिनेमा दाखवतात.
तिकीट चार पौंड, बिस्किटं फुकट,
हीटर एकच, तोही लांबच्या नातेवाइकासारखा:
बघायला ऊबदार.

त्या गुरुवारी रशियन होता.
नकाशे काढणाऱ्या कुणा माणसाचं चरित्र.
उत्तरेकडच्या नद्या त्यानं पायी मोजल्या
आणि तारघरातल्या एका बाईवर प्रेम केलं.
नद्यांची लांबी शेवटी पाटीवर दिली होती, किलोमीटरमध्ये.

मी गेलो,
कारण घरात गुरुवार फार मोठा होतो.

शेजारी राइसा अर्काद्येव्ना, आमच्याच गल्लीतल्या.
त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे कधीकाळी मीच काढलेले.
पडद्यावरच्या खालच्या ओळीवर त्यांचा विश्वास नाही.
"चूक," त्या पुटपुटतात. "पुन्हा चूक."
पुढच्या रांगेतला माणूस मान वळवून बघतो,
त्या त्याला बिस्किट देतात.

पडद्यावर पूर. तारघरात घोट्याएवढं पाणी.
ती टेबलावर चढून उभी, कागद छातीशी धरून.
तो दारात, चिखलानं बरबटलेला, टोपी काढायचं विसरलेला.
ती काहीतरी म्हणते. दोन-तीन शब्द असतील.
खाली पांढरी अक्षरं: यू आर सोक्ड.
कुणीतरी हसतं.

राइसांनी माझं मनगट धरलं, घट्ट.
"कळलं नाही ना यांना?
आत्तापर्यंत ती त्याला 'वी' म्हणत होती.
आत्ता 'ती' म्हणाली. 'ती' म्हणजे तू.
इंग्रजीत दोन्हीला यू.
सगळा सिनेमा एवढाच आहे हो,
आणि तो यांनी खाली लिहिलाच नाही."

मला कळलं.
'भिजलात' आणि 'भिजलास' यांच्यामधून जी नदी वाहते
ती ओलांडायला आमच्या घरी एकेचाळीस वर्षं लागली.

माणिक मला अहो म्हणायची.
गाडी बर्फावरून घसरली तेव्हा, किंचाळतानासुद्धा, अहो.
रागावली की भांडी आपटायची,
पण तीही आदरार्थी बहुवचनात.
मी म्हणायचो, इथे कोण ऐकतंय, अरे म्हण की एकदा.
म्हणायची, जिभेला वळण नाही.

कॅसल हिलच्या वॉर्डात, नोव्हेंबरात, पहाटे साडेचारला
मॉर्फिननं ते वळण सैल केलं असेल,
किंवा तिला आता घाई असेल,
डोळे मिटूनच म्हणाली,
"ऐकतोस का रे?"

ड्रिप बदलणाऱ्या नर्सनं विचारलं, काय म्हणाल्या?
मी सांगितलं: आर यू लिसनिंग.
एक शब्दही चुकला नव्हता.

तो नकाशेवाला शेवटी परत आला की नाही, आठवत नाही.
बाहेर हंबरवरून आलेला खारट वारा कानात शिरत होता.
राइसा म्हणाल्या, खरा माणूस असा देखणा नसणार.
नद्या मोजणारे ठेंगणेच असतात.
पण नटाचे हात बरे होते.

मी घोकत होतो. ती म्हणजे तू.
आमच्यात ती म्हणजे खोलीत नसलेली.
बँकेत, फॉर्मवर, पोराशी फोनवर
ती असती तर, तिला आवडायचं,
असं म्हणत म्हणत मीच तुला
द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात ढकलत नेलं, माणिक,
वर्षभरात. व्याकरण कुठेही न मोडता.

घरी आलो. किल्ली फिरवली.
दिवा लावण्याआधी, जिन्याकडे बघून,
रशियन भाषेत मला येतो तो एकमेव शब्द म्हणालो.

उच्चार चुकला असेल.
राइसांना विचारायला हवं,
त्यातली ई म्हणे थोडी घशातून काढायची असते.